सगुणबाबांचं नाक

आमच्या गावात सकाळच्या वेळी पावसाळी गटारावर ओणवा झालेला एखादा म्हातारा दिसला, तर त्याचं काही पडलंय असं समजून मदतीला धावू नका. ते सगुणबाब आहेत. ते गटार हुंगत आहेत.

हातात दोरीला बांधलेली नारळाची करटी असते. ती गटारात सोडायची, भरून वर काढायची, पाणी काचेच्या लहान ग्लासात ओतायचं, ग्लास दोनदा गरगर फिरवायचा, नाकापासून चार बोटांवर धरायचा आणि डोळे मिटायचे. मग निकाल.

"सा ग्राव. साबणाचा पाणी. बिनविषारी."

सा म्हणजे सहा, आणि ग्राव हे फेणीच्या कडकपणाचं माप. सगुणबाब मूळचे पेडण्याकडचे, कोरगावचे. काजूच्या भट्टीवर त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. फेणी किती ग्राव उतरली हे बघायला लोक तिच्यात काचेची नळी सोडतात. सगुणबाब नुसतं हुंगून सांगायचे, आणि दोघांत फरक पडला तर लोक नळी बदलून आणायचे. गंमत अशी की या माणसाने जन्मात फेणीचा थेंब जिभेवर ठेवलेला नाही. विचारलं तर म्हणतात, "सोनार काय सोना खाता?"

सासऱ्यांना मुलगा नव्हता, म्हणून बायकोचं घर राखायला ते डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावात येऊन राहिले. घराबरोबर सासऱ्यांकडचा, गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालण्याचा मानही त्यांच्याकडे आला. भट्टी सुटली, नाक राहिलं. आणि रिकामं नाक माणसाला स्वस्थ बसू देत नाही.

आता माझ्याबद्दल. मी दोडामार्गकडचा. गावाच्या वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, कारखान्यांची वसाहत आहे, तिथे एका लहान कारखान्यात मी सुपरवायझर होतो. कारखाना बंद पडून पुष्कळ वर्षं झाली, पण सगुणबाब मला अजून 'सुपरवायजर' अशीच हाक मारतात. ती हाक मला अजून नकोशी वाटते. का, ते पुढे लिहितो. खरं तर तेच लिहायला बसलोय. पण आधी सगुणबाबांबद्दल लिहितो, कारण ते सोपं आहे.

त्यांच्या नाकाची गावाला धास्ती होती. सकाळी गटाराकाठून फेरी मारून आले की ते माझ्या ओसरीवर बसून बातम्या द्यायचे. "देसायांकडे आज सुंगटा. पंचाकडे फिनेल ओतला, म्हणजे पावणे येतले. शांतेन केसांक कलप लावल्यान." सुंगटा म्हणजे कोळंबी. शांतीकाकींनी ही तिसरी बातमी ऐकून त्यांच्याशी महिनाभर बोलणं टाकलं होतं. पण केस खरंच काळे दिसत होते.

या सगळ्या वासांत एक वास मात्र त्यांच्या हाती लागत नव्हता. सड्यावरून उतरणारी चार गटारं खाली व्हाळाला मिळतात. व्हाळ म्हणजे आमचा ओढा. पावसाळा सरला की त्याच्यावर मातीचा बांध घालायचा, पाणी अडवायचं आणि थंडीतलं भात, म्हणजे वायंगण, पिकवायचं, ही गावाची जुनी रीत. पण गेली काही वर्षं बांध घातला की अडलेलं पाणी तळाशी पिवळट दिसू लागे. रोपांची टोकं करपत. कुर्ल्या, म्हणजे खेकडे, कडेला उताण्या पडत. शांतीकाकींचं शेत बांधाला लागून पहिलं. ते आधी ओसाड पडलं, मग त्याच्या खालची दोन.

"गंजक्या खिळ्याचो वास," सगुणबाब म्हणायचे. "वरसून येता. खंयसून ता कळणा नाय."

सरकारी खात्याची माणसं आली होती. ती जीपमधून आली, ऐन उन्हाळ्यात, गटार कोरडं असताना. व्हाळाच्या वरच्या डोहातलं पाणी त्यांनी बाटलीत भरलं. महिन्याने कागद आला: समाधानकारक. सगुणबाबांनी तो कागद डोळ्यांसमोर धरला, मग नाकासमोर धरला, आणि पंचांना परत दिला. "हेंच्या बाटलेक सर्दी झाली असा," ते म्हणाले.

मग त्यांनी स्वतःच तपास हाती घेतला. शिगम्याच्या दुसऱ्या दिवशी उरलेला रंग गोळा केला आणि आम्ही दोघं सड्यावर गेलो. चार गटारं, चार रंग. लाल, पिवळा, हिरवा, निळा. प्रत्येक गटारात एक पिंपभर पाण्याबरोबर एक रंग ओतायचा आणि खाली येऊन कोणता रंग कुठे निघतो ते बघायचं. कल्पना चांगली होती. फक्त पंचांच्या म्हशी त्या वेळी व्हाळात बसतात हे त्यांनी लक्षात घेतलं नव्हतं, आणि पंचांच्या मुलीला बघायला त्याच दिवशी पाहुणे यायचे होते, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

पाहुणे चहा पीत असताना तीन हिरव्या म्हशी फाटकातून आत आल्या. नवऱ्या मुलाच्या वडिलांनी कप खाली ठेवला.

"तुमच्याकडे शिगम्याक म्हशी पण रंगवतात?"

"सगळ्यांकडे नाय," पंच म्हणाले. "आमच्याच घराण्यात."

लग्न जमलं. अजूनही त्या घरी दर शिगम्याला एका म्हशीला हिरवा टिळा लावावा लागतो, कारण जावई बघायला येतात.

या गडबडीत एक गोष्ट फक्त दोघांनी पाहिली. लाल रंग आला, पिवळा आला, हिरवा तर आलाच. निळा आला नाही. संध्याकाळपर्यंत आम्ही त्या गटाराच्या तोंडाशी बसून होतो.

"निळो खंय गेलो?" सगुणबाब म्हणाले.

"स्वस्तातला रंग. विटला असेल वाटेत," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मधी कोणतरी पिता तेका," ते म्हणाले.

निळं गटार आमच्या बंद कारखान्याच्या मागून येतं. आता ते लिहायलाच हवं.

कारखान्यात लोखंडी भागांना चकचकीत मुलामा द्यायचं काम चाले. मुलाम्याच्या हौदातलं पाणी पिवळंजर्द असतं आणि तळाला गाळ बसतो. तो विषारी असतो. तो पिंपांत बंद करून, जिथे त्याची सोय होते तिथे पाठवायचा, हा नियम होता आणि नियमांचं पुस्तक माझ्याच टेबलावर होतं. मालक एकदा म्हणाले, "त्या पाण्याचं तुम्ही बघा काय ते." मी बघितलं. कारखान्याच्या मागे रस्त्याच्या कडेने जे गटार उतरतं, त्याच्याखाली बेळगावकडच्या दोन कामगारांकडून एक खड्डा खणून घेतला. आतून सिमेंट केलं, वर लादी टाकली, हौदापासून तिथवर नळी नेली. वरून पावसाचं पाणी वाही, खाली आमचं साठे. मालकांनी 'खड्डा खणा' असं कधीही म्हटलं नाही. पुढे स्वतःला मी सांगायचो की मालकांचा हुकूम होता. तो नव्हता. कल्पना माझी होती, आणि तेव्हा मला स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं होतं.

कारखाना बंद झाला तेव्हा हौदातला उरलेला गाळ त्याच खड्ड्यात गेला. लादीवर मी स्वतः सिमेंट फिरवलं. ते सिमेंट कधी तडकेल असं वाटलं नव्हतं. गावात कोणाला ती जागा ठाऊक नव्हती. चौथ्या विजेच्या खांबापासून उताराकडे अकरा पावलं.

त्याच रस्त्याने रोज संध्याकाळी मी आणि सगुणबाब फिरायला जायचो. त्यांची बायको, सुलोचनावहिनी, वारल्यानंतर ही फेरी सुरू झाली. माझी बायको आधीच गेलेली, मुलगा परदेशी. बरोबर पाच वाजता ते फाटकाशी येऊन म्हणत, "चल सुपरवायजर, ड्युटी." बरोबर करटी आणि ग्लास. दर खांबाला थांबायचं, पाणी काढायचं. स्वतः हुंगून झालं की ग्लास माझ्या नाकासमोर यायचा.

"तुका काय येता? सांग बगूया."

मला वाटायचं, मास्तर विद्यार्थ्याची परीक्षा घेतायत. मी खरं सांगायचो. साबण. मासळीचं पाणी. रॉकेल. मग ते मान हलवून निकाल द्यायचे. फक्त वरच्या खांबांकडे मी म्हणायचो, "माती. नुसती माती."

"माती," ते म्हणायचे. "बरा."

या दिवाळीनंतर त्यांनी पंचांकडून खणायची परवानगी मिळवली. निळा रंग पिणारी जागा तिसऱ्या आणि पाचव्या खांबांच्या मध्ये कुठेतरी असणार, असं त्यांचं म्हणणं. आधी तिसऱ्या खांबाकडे खणलं. एक गंजकं टोपलं निघालं. आठवड्याने पाचव्याकडे खणलं आणि पिण्याच्या पाण्याची पाईप फुटली. दोन दिवस गावाला पाणी नव्हतं. बायकांनी सगुणबाबांच्या नाकाचा, नाकाच्या मालकाचा आणि त्या मालकाच्या पेडण्यातल्या पूर्वजांचा उद्धार केला.

"सगुणबाब," पंच म्हणाले, "आता कोणीतरी येवन बोट दाखवूक होया, हयसर असा म्हणान. त्याशिवाय कुदळ लागूची नाय."

"दाखवतलो," सगुणबाब म्हणाले. "बांधाच्या दिसापर्यंत थांबा."

बांधाचा दिवस आला. यंदा बांध घालायचा की ही रीतच सोडून द्यायची, यावर गावात दोन तट होते. गाऱ्हाणं घालून मग ठरवू, असं झालं. व्हाळाच्या काठी नारळ ठेवला, सगळे डोक्यावरचं काढून उभे राहिले. गाऱ्हाण्यात एकाने देवाला सांगायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. तेवढंच म्हणायचं. दुसरं काही बोलायचं नाही.

सगुणबाबांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या व्हाळार तुझी लेकरा जमली असत."

"व्हय म्हाराजा."

"पाणी पिवळा झाला, रोपा करपली, कुर्ल्यो उताण्यो पडल्यो."

"व्हय म्हाराजा."

"खात्याची माणसा इली. तेंच्या बाटलेक सर्दी झाली हुती."

लोक जरा अडखळले. "व्हय म्हाराजा."

"पंचान दोन कागद धाडल्यान. ते खंय बसले ता तुकाच ठावक."

"व्हय म्हाराजा," पंच सगळ्यांत मोठ्याने म्हणाले.

"पाचव्या खांबाकडे माझ्या हातसून पायप फुटली. बायलांनी दिलेली गाळी तुझ्या कानार इली आसतली."

"व्हय म्हाराजा," बायका एकसुरात म्हणाल्या.

मग सगुणबाबांचा आवाज खाली आला. "आणि म्हाराजा, आमच्यातल्याच कोणाच्या हातसून, पोटापायी नायतर भियापायी, जाणून नायतर नेणून, काय वाकडा घडला आसात, तर तेच्या तोंडाक वाट दी. आणि आमका तेका पदरात घेवची बुद्धी दी."

"व्हय म्हाराजा."

मी म्हणालो नव्हतो. माझे ओठच हलले नाहीत. सगुणबाब पुढचं वाक्य सुरू करायचे थांबले होते. सगळे थांबले होते. त्या शांततेत माझाच आवाज मला ऐकू आला, एकट्याचा, उशिरा.

"व्हय म्हाराजा. ता मी केलंय."

कोणीतरी हसलं. शांतीकाकी माझ्या शेजारीच होत्या. त्यांनी कोपर मारलं.

"गाऱ्हाण्यात मधी बोलूचा नसता, सुपरवायजर."

"काकी, पण मी..."

"नारळ फुटांदे आधी."

आणि सगुणबाब खरंच पुढे गेले. शांतपणे. ग्रामदेवता, तिच्या सगळ्या बहिणी, सीमेवरचा राखणदार, पाण्यातला, झाडातला, सासरकडचे, कोरगावकडचे, एकाही देवाला त्यांनी वगळलं नाही. आयुष्यभर दाबून ठेवलेली गोष्ट तोंडातून निघून गेलेली, आणि मी हात जोडून बावीस-तेवीस वेळा 'व्हय म्हाराजा' म्हणत उभा. घाम पाठीवरून उतरून धोतरात गेला. शेवटी नारळ फुटला.

"हां," पंच म्हणाले. "काय केलंस म्हणालंस?"

मी सांगितलं. खड्डा, लादी, नळी. मालकांचा हुकूम नव्हता, हेही सांगितलं. चौथ्या खांबापासून अकरा पावलं.

कोणी अंगावर आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. शांतीकाकी खाली बघत होत्या. मग म्हणाल्या, "सात वर्सा माका वाटला, माझाच बियाणा वायट. दर वर्सा बियाणा बदललंय मी."

त्यांच्याकडे बघायचं धैर्य मला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी पंचांनी खात्याला फोन लावला. मी लेखी जबाब दिला, त्याच्या चार प्रतींवर सह्या केल्या. या वेळी माणसं लवकर आली. तोंडाला मास्क, हाताला लांब मोजे. अकराव्या पावलाखाली लादी निघाली, लादीखाली पिवळा गाळ निघाला. वरच्या भेगेतून गटाराचं पाणी आत उतरत होतं आणि तळाच्या भेगेतून व्हाळाकडे झिरपत होतं. गाळाच्या कडेला एक पट्टा निळा होता. सगुणबाबांनी वाकून तो पाहिला. "विटलो नाय हां रंग," ते मला म्हणाले. "चांगल्यातलो होतो."

गाळ पिंपांत भरून नेला. खालची माती अजून काढायची आहे, तिला वेळ लागेल म्हणतात. माझं काय करायचं तेही खातं ठरवतंय. जे ठरेल ते मी घेईन. बांध यंदा त्या गटाराच्या तोंडाच्या वर घातला. निम्म्याच शेतांना पाणी पुरलं. शांतीकाकींचं शेत खाली राहिलं. त्याला निदान अजून एक वर्ष तरी थांबावं लागणार.

गाळ निघाला त्या दिवशी पाच वाजता मी चपला घालून ओसरीवर बसलो. सगुणबाब आले नाहीत. साडेपाच झाले. माझी खात्री पटली. एवढी वर्षं ज्याच्याबरोबर फिरलो त्याच्याच नाकाशी मी खोटं बोलत होतो. तो कशाला येईल. तरी राहवेना, म्हणून मीच त्यांच्या घरी गेलो.

सगुणबाब उंबऱ्यावर बसले होते. तेही चपला घालून.

"आज ड्युटी नाही?" मी विचारलं.

"म्हटला, तुझा काम झाला आता," ते म्हणाले. "तू येतलंस काय नाय, ठावक नाय."

मी त्यांच्या शेजारी बसलो. विचारायचं ते विचारून टाकलं. "तुम्हाला कधी कळलं? वासावरून?"

ते हसले. "कसलो वास, मेल्या. मोठो ताप इललो, तेच्यात नाक गेला माझा. दोन वर्सा झाली. काय येणा नाय. साबण नाय, मासळी नाय."

"आणि सुंगटं? फिनेल?"

"सकाळी मासळी घेवन पागेलीण खंयच्या दारात बसता ता दिसता मरे. डोळे असत."

रोज संध्याकाळी ग्लास माझ्या नाकासमोर यायचा, ती परीक्षा नव्हती तर.

"माका तुझ्या पायांनी सांगितला," ते म्हणाले. "चवथो खांब इलो की तू रस्तो ओलांडतंस. रोज. परत येताना पण. ह्या दिवाळेक माझ्या ध्यानात इला."

"मग तिसऱ्याकडे का खणलंत? पाचव्याकडे का?"

"चवथो तुका ठेवलेलो." ते म्हणाले, "पाचव्याक पायप असा, ह्या माका खंय ठावक. पण बांधाच्या दिसाक तू बोललं नसतंस, तर दुसऱ्या दिसा मी खणतलो होतंय. पंचाक शब्द दिलेलो."

मग ते आत गेले आणि एक बाटली घेऊन आले. बुचाला मेण लावलेलं होतं, ते कितीदा काढून परत लावलेलं दिसत होतं.

"सुलोचनेच्या हातची. कोरगावच्या भट्टीतली शेवटची. इस्तवासमोर ती बसायची, मी नुसतो हुंगायचंय." त्यांनी बूच काढलं आणि बाटली माझ्यापुढे धरली. "रोज सकाळी उघडतंय. आजून येणा नाय. तू सांग माका."

मी हुंगलं. मला फेणीतलं काही कळत नाही. "काजूचा," मी म्हणालो. "पिकलेल्या. थोडा धुराचा. आणि लांबून कुठून तरी ओल्या मातीचा."

"आणि ग्राव?"

"अठरा?"

"वीस," ते म्हणाले. "तिच्या हातची विसाच्या खाली कधी उतरली नाय." बूच लावलं, मेण अंगठ्याने दाबलं. "पण धुराचा बरोबर सांगितलंस."

आम्ही निघालो. करटी आणि ग्लास घेतले. पहिला खांब, दुसरा, तिसरा. चौथ्याकडे खड्डा उघडा होता, भोवती लाल-पांढरी पट्टी लावलेली. माझे पाय सवयीने रस्त्याच्या पलीकडे वळले. सगुणबाबांनी माझा दंड धरला.

"ह्या बाजून चल," ते म्हणाले. "आणि वास कसलो येता तो सांग. खरो सांग."

मी थांबलो, खोल श्वास घेतला आणि सांगायला लागलो.